ऊन दाखवल्याची खूण

अशी कल्पना करा, की मे महिना आहे, शाळेला सुट्टी लागली आहे आणि तुम्ही पुण्याच्या रविवार पेठेतल्या एका अरुंद बोळात उभे आहात. समोर बाइंडरचं दुकान आहे. आत नुसती पुस्तकं. कुणाचं पान निसटलेलं, कुणाची पाठ मोडलेली, कुणाचं तर कव्हरच हरवलेलं. दारात मैद्याच्या गरम खळीचं पातेलं आहे. त्याला वळसा घालून मागच्या खोलीत या. कोपऱ्यात गोणपाटांची चळत दिसतेय? तिच्यावर पुठ्ठ्याच्या रंगाची एक लहानशी मांजर आहे. हळूच हाक मारा : पुठ्ठी.

कान हलला का? नाही ना?

सुनीतीनंही तेवढंच पाहिलं होतं.

"ती झोपली नाहीये," सुनीती म्हणाली. "तिला उठवत नाहीये. यात फरक आहे."

"काल तिच्या नाकासमोरून उंदीर गेला," अमीन म्हणाला. "हिनं नुसतं बघितलं. जणू काही ओळखीचा होता."

"आणि ती भिंत चाटते," अमीनची धाकटी बहीण सुरय्या म्हणाली. "मी तीनदा बघितलंय. दूध तसंच ठेवते आणि भिंतीची माती खाते."

अमीन आणि सुनीती एकाच वर्गातली, आता सातवीत जाणारी. दुकान अमीनच्या आजोबांचं. त्यांना सगळी पेठ दादामियाँ म्हणायची. त्या सुट्टीत मागच्या खोलीत मुलांनी वाचनालय काढलं होतं. घरोघरची जुनी मासिकं आणि गोष्टींची पुस्तकं गोळा केली होती. वाचायला रोज पंधरा-वीस मुलं यायची आणि गोणपाटावर मांडी घालून बसायची. सुनीती वाचनालयाची चिटणीस होती.

दादामियाँनी जागा दिली होती ती एका अटीवर. त्यांच्या धंद्याचा चाळीस वर्षांचा नियम होता. बाहेरून आलेलं काहीही, मग ते पुस्तक असो, कागद असो की कापड, आधी दोन दिवस गच्चीवर उन्हात पसरायचं. मगच दुकानात आणायचं. "कागदाला कसर लागते, बेटी," ते म्हणाले होते. "एक आजारी पुस्तक शंभर चांगली पुस्तकं खातं." म्हणून वाचनालयाच्या रजिस्टरात चार रकाने होते. काय आलं, कुणी आणलं, कधी आणलं आणि शेवटचा रकाना 'ऊन'. त्यात बरोबरची खूण फक्त चिटणिसानं करायची.

सुनीतीनं पुठ्ठीला उचललं. ती फडक्यासारखी लोंबली. ती झोपली होती तिथे एक मासिक उघडं पडलं होतं आणि त्याच्या पांढऱ्या पानावर काळे बारीक कण सांडले होते.

"काळी पूड," अमीन हळूच म्हणाला. "कुणीतरी टाकलीय."

"विष?" सुरय्यानं विचारलं.

तिघांनी एकदमच वर बघितलं. वर पहिल्या मजल्यावर दिगंबरकाका राहायचे. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून ते सूचना लिहायचे. जिन्याच्या भिंतीवर त्यांच्या सुबक अक्षरातली पाटी होती : 'मांजरीने जिन्यात झोपू नये. वाचता येत नसल्यास मालकाकडून वाचून घ्यावे.'

सुनीतीनं ते कण कागदाच्या पुडीत बांधले आणि वर तारीख लिहिली. घोट्याला खाज सुटली म्हणून तिनं पाय खाजवला. हल्ली डास फार झाले होते.

"दादाजान म्हणतात, उन्हाळा बाधलाय, ताक द्या," सुरय्या म्हणाली.

"मोठ्या माणसांना सगळं उन्हाळ्यानंच होतं," अमीन म्हणाला. "आपण पाळत ठेवायची."

पाळत फार वेळ ठेवावी लागली नाही. संध्याकाळी पाचला दिगंबरकाका हातात बशी घेऊन मागच्या चौकात उतरले. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि वाकून बशी दुकानाच्या मागच्या दाराशी ठेवायला लागले. तेवढ्यात पिंपामागून अमीन बाहेर पडला.

"काका, हात वर करा."

"हात वर केले तर बशी सांडेल," काका म्हणाले. "काय हवंय ते आधी नक्की ठरव."

"त्यात विष आहे. आम्हाला सगळं माहीत आहे. हिच्याकडे पुरावा आहे."

नळावरच्या बायका हंडे खाली ठेवून बघायला लागल्या. सुनीतीनं पुडी पुढे धरली. काकांनी पुडीकडे बघितलं, मग नळावरच्या बायकांकडे. आणि बशी तोंडाला लावून सगळं दूध पिऊन टाकलं.

"साखर घालायला हवी होती," मिशी पुसत ते म्हणाले. "आता मी कधी मरतो ते बघत बसा. आणि बसल्या बसल्या हेही सांगा, ती मांजर जिना चढेनाशी झाली त्याला किती दिवस झाले?"

अमीननं सुनीतीकडे बघितलं, सुनीतीनं सुरय्याकडे.

"आठ. पाटी लावली होती म्हणून माझं लक्ष होतं. जनावरांच्या डॉक्टरकडे न्या तिला. हेरगिरी मग करा."

ते जिना चढून गेले. सुनीतीला वाटलं, आपल्या हातातली पुडी एकाएकी जड झाली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेली. पुठ्ठी वेताच्या टोपलीत होती. बाकावर त्यांच्या एका बाजूला शेळी होती आणि दुसऱ्या बाजूला पंखात सुतळी अडकलेला पोपट. डॉक्टर श्यामला उंच, शांत बाई होत्या. त्यांनी पुठ्ठीचा वरचा ओठ बोटानं उचलला.

"हिच्या हिरड्यांचा रंग सांगा."

"पांढरा," सुनीती म्हणाली. "कागदासारखा."

"आता भावाची खालची पापणी ओढ आणि आत बघ," त्या सुरय्याला म्हणाल्या.

"लाल. गुलाबीच. मॅडम, हा अंधारात वाचतो, तेही बघा ना."

"ते दुसऱ्या डॉक्टरांचं काम. हिरड्या तशाच गुलाबी हव्यात. त्या पांढऱ्या आहेत, म्हणजे अंगातलं रक्त कमी झालंय. अंगात रक्त नाही म्हणून ताकद नाही. कशाची तरी कमतरता आहे म्हणून भिंत चाटते. आता प्रश्न असा, की रक्त गेलं कुठे?"

सुनीतीनं पुडी पुढे केली. "हे तिच्या अंगाखाली होतं. आम्हाला वाटलं, विष."

डॉक्टरांनी ओल्या कापसाचा पांढरा बोळा टेबलावर ठेवला आणि त्यावर ते कण टाकले. "साठपर्यंत आकडे मोजा."

सुरय्यानं मोजायला सुरुवात केली. तिसाच्या आतच प्रत्येक काळ्या कणाभोवती तांबूस वर्तुळ उमटायला लागलं. पन्नासला ते लालसर झालं. सुरय्या मोजायची थांबली.

"ही पिसवांची घाण आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पिसू रक्त पिते. ते पचून असं काळं होऊन बाहेर पडतं आणि ओलं झालं की पुन्हा लाल दिसतं. हे पुठ्ठीचंच रक्त आहे."

त्यांनी उवांसाठी असते तशी बारीक दातांची फणी पुठ्ठीच्या मानेवरून ओढली. फणीत पाच-सहा तपकिरी किडे वळवळले. एक टुणकन उडून अमीनच्या बाहीवर बसला.

"एवढ्याशा मांजरीच्या अंगात सगळं मिळून अर्धा पेला रक्त असतं. एका पिसवेला थेंबातला थेंब पुरतो. पण अशा शंभर असल्या आणि रोज पीत राहिल्या तर? नवं रक्त तयार होतं, पण तेवढ्या वेगानं होत नाही. हौदाला नळ बारीक आणि भोकं शंभर, तसं." त्यांनी सुनीतीकडे बघितलं. "पुडी तू बांधलीस? तारीखसुद्धा घातलीस. हुशार आहेस. मोठी माणसं मला नुसतं 'उन्हाळा लागलाय' एवढंच सांगतात."

अमीननं सुनीतीला कोपरानं ढोसलं. ती हसली.

"आता नीट आठवा," डॉक्टर म्हणाल्या. "गेल्या महिनाभरात दुकानात नवं काय आलं? एखादं पोतं, गादी? कुत्रं येतं का?"

"नाही," अमीन छाती काढून म्हणाला. "आमच्याकडे सगळं ऊन दाखवूनच आत येतं. रजिस्टर आहे. चिटणीस हीच."

सुनीतीचं हसू गेलं. घोट्याची खाज एकदम वाढली, पण तिनं पाय हलवला नाही. डॉक्टरांनी तिच्याकडे एक क्षण जास्त बघितलं. मग त्या चिठ्ठी लिहायला लागल्या. लोहाचं औषध, जंतांचं औषध, साबणानं आंघोळ, रोज दोनदा फणी.

खिडकीशी औषधं देणाऱ्या माणसानं एक डबा जास्तीचा दिला. "ही पावडर भुरभुरा. सगळ्या पिसवा मरतात."

सुरय्याला दिसेल ते वाचायची सवय होती. "यावर 'फक्त कुत्र्यांसाठी' असं लिहिलंय."

"मांजर काय आणि कुत्रं काय, पिसू तीच."

"पिसू तीच, पण मांजर दिवसभर अंग चाटते. मग पावडर तिच्या पोटात जाईल ना? विचारू का मॅडमना?"

त्या माणसानं चिठ्ठी पुन्हा वाचली आणि डबा आत ठेवला.

परतताना अमीन आणि सुरय्या डब्याची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगून हसत होती. सुनीतीला मात्र एकच दिसत होतं, वाचनालयाच्या उद्‌घाटनाआधीचा शुक्रवार.

फरशी टणक होती आणि शनिवारी मुलं येणार होती. सुनीतीच्या इमारतीत जिन्याखाली गोणपाटं पडली होती. गल्लीतल्या कुत्रीनं तिथेच पिल्लं घातली होती. पिल्लं सारखी अंग खाजवत होती, तेही तिनं बघितलं होतं. तिनं पिल्लं बाजूला सारली, गोणपाटं दोनदा झटकली आणि थेट दुकानात आणली. ऊन दाखवायचं तर वाचनालय सोमवारी उघडावं लागलं असतं आणि तिनं तर सगळ्यांना शनिवार सांगून ठेवला होता. दादामियाँ पुढे खळ ढवळत होते. त्यांनी विचारलं, "ऊन?" ती म्हणाली, "दाखवलं." आणि रजिस्टरात, 'गोणपाटे, नग सहा' याच्या पुढे, शेवटच्या रकान्यात तिनं बरोबरची खूण केली. खूण छान आली होती. एका झटक्यात.

दवाखान्यातून आल्यावर, संध्याकाळी सगळे गेले तेव्हा तिनं गोणपाटं गुंडाळली आणि नेऊन पुन्हा आपल्या इमारतीच्या जिन्याखाली टाकली. अमीनला म्हणाली, "मळली होती." झालं, असं तिला वाटलं. आता कुणाला सांगायची गरज नाही.

चार दिवस पुठ्ठी खरोखर सुधारली. ती दूध प्यायली. खळीच्या पातेल्यात पंजा घालून दादामियाँची बोलणी खाल्ली. सुनीती रोज दोन वेळा फणी फिरवायची आणि सगळे म्हणायचे, सुनीतीइतकी माया कुणी करत नाही. हे ऐकलं की तिला जेवण जायचं नाही.

पाचव्या दिवशी पुठ्ठी पुन्हा कोपऱ्यात आडवी झाली. फणीत पुन्हा पिसवा आल्या, आधीपेक्षा जास्त.

"पिसू मांजरीच्या अंगावर कमी आणि जागेत जास्त असते," डॉक्टर श्यामला या वेळी हसल्या नाहीत. "फटींत, धुळीत तिची अंडी असतात. मूळ जागा सापडत नाही तोवर माझं औषध म्हणजे भोक पडलेल्या हौदात पाणी ओतणं. अजून रक्त गेलं, तर ही राहणार नाही."

दुकानात परतल्यावर अमीननं हे सगळं आजोबांना सांगितलं. दादामियाँनी हातातला ब्रश पातेल्यावर आडवा ठेवला. चष्मा काढला. बराच वेळ तो सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले.

"मग ही माझीच चूक," ते म्हणाले. "गेल्या महिन्यात शाळेचा जुना गठ्ठा आला होता. मी ऊन दाखवलं होतं, असं मला वाटतंय. पण हल्ली नजर अधू झाली. दोन दिवसांऐवजी एकच झाला असेल. पोरांच्या रजिस्टरात एक चूक नाही आणि माझ्या दुकानात..." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "चाळीस वर्षं मी लोकांना सांगितलं, माझ्याकडून कीड जाणार नाही. आता ज्यांची ज्यांची पुस्तकं दिली, त्यांना सांगून यायला हवं."

ते खरंच उठले आणि खुंटीवरची टोपी घेतली.

"दादामियाँ, थांबा," सुनीती म्हणाली.

तिचा आवाज इतका बारीक निघाला, की सुरय्यानंच आधी वळून बघितलं.

"गठ्ठा नव्हे. गोणपाटं. ती मी जिन्याखालून आणली होती. तिथे कुत्री व्यालीय. ऊन दाखवलं नव्हतं मी. खूण तशीच केली."

अमीन तिच्याकडे बघतच राहिला. "डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू तिथेच होतीस."

"हो."

"आणि मी तुझंच नाव सांगितलं. छाती काढून."

"हो."

"आपण काकांना चोरासारखं पकडलं. सगळ्यांसमोर. तेव्हा..."

"तेव्हा माहीत नव्हतं. नंतर कळलं. तरी नाही बोलले."

दादामियाँनी टोपी परत खुंटीला अडकवली. सुनीतीला वाटलं, आता ते ओरडतील. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"कोपरा कुठला?" त्यांनी विचारलं.

"खिडकीखालचा. आणि कपाटाच्या पायाशी."

"जागा कळली, ना? मग रागवायला नंतर वेळ आहे, बेटी. आधी काम."

आणि मग काम सुरू झालं. अमीन तिच्याशी एक शब्द बोलत नव्हता, पण कपाटाचं दुसरं टोक त्यानंच उचललं. वाचनालयाचं प्रत्येक मासिक, प्रत्येक पुस्तक तीन जिने चढून गच्चीवर गेलं. सुनीतीनं खेपा मोजल्या नाहीत. रिकाम्या खोलीचा कानाकोपरा झाडला आणि कचरा बोळाबाहेर नेऊन जाळला. फरशीच्या फटींत उकळतं पाणी ओतायचं होतं. इतकं पाणी तापवायला दुकानातला स्टोव्ह पुरेना.

सुनीती पहिला मजला चढली. दार दिगंबरकाकांनीच उघडलं.

"काका, आमचं चुकलं. त्यातलं माझं जास्त." तिनं सगळं सांगितलं, पाटीशी उभं राहूनच. "आणि मोठा स्टोव्ह आणि बंब हवाय."

"माफी आणि बंब एकाच फेरीत," काका म्हणाले. "पोस्टात असतीस तर टपाल वेळेवर पोचलं असतं." ते आत गेले आणि बंब घेऊन आले. "त्या मांजरीला तोवर इथे आणून ठेवा. पाटी जिन्याला लागू आहे. माझ्या खोलीला नाही."

गोणपाटं उकळली, वाळवली. "पण ती पिल्लं?" सुरय्यानंच विचारलं. मग डॉक्टरांना विचारून कुत्र्यांची पावडर आणली. सुरय्यानं डब्यावरचा सगळा मजकूर दोनदा वाचला, पिल्लं ती पावडर चालण्याइतक्या वयाची आहेत अशी खात्री केली आणि मगच झाकण उघडू दिलं.

पुठ्ठीच्या अंगात रक्त यायला मात्र कुणाची घाई चालणार नव्हती. सुनीती रोज सकाळी वर जायची आणि तिचा ओठ उचलून बघायची. पांढरा. पांढरा. सहाव्या दिवशी कडेला किंचित रंग, की नुसता भास? दहाव्या दिवशी तिनं सुरय्याला बोलावून विचारलं. सुरय्या म्हणाली, "फिकट गुलाबी. पाणी जास्त झालेल्या कोकम सरबतासारखा." विसाव्या दिवशी पुठ्ठी दिगंबरकाकांच्या वर्तमानपत्रावर अंग टाकून झोपली होती आणि काका उरलेल्या कडेवरचे शब्द वाचत होते.

डॉक्टर श्यामलांनी हिरड्या बघितल्या, पुठ्ठीला वजनकाट्यावर ठेवलं आणि मान हलवली. "उत्तम. जागा कशी सापडली?"

"मी सांगितली," सुनीती म्हणाली. "उशिरा."

"मला वाटलंच होतं, की तुला काहीतरी माहीत आहे." डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "औषध माझं होतं. पण तू बोलली नसतीस, तर ही वाचली नसती. उशिरा का होईना, बोललीस, हे चांगलं केलंस."

बाहेर आल्यावर अमीन म्हणाला, "टोपली दे इकडे. तू मागच्या वेळी धरली होतीस." तिनं खरं सांगितल्यापासूनचं त्याचं तिच्याशी ते सगळ्यात लांब वाक्य होतं.

दुकानात दादामियाँनी रजिस्टर तिच्यासमोर ठेवलं. "रागवायचं राहून गेलं होतं," ते म्हणाले. "पण या वयात माझ्या लक्षात राहत नाही. ते पान तू बघ."

सुनीतीनं ते पान काढलं. खूण तिथेच होती, एका झटक्यातली, देखणी. ती खोडावी असं तिला फार वाटलं. तिनं खोडली नाही. शेजारी लहान अक्षरांत लिहिलं : 'ऊन दाखवलेले नव्हते. सुनीती.'

सुट्टीचे आठच दिवस उरले होते. वाचनालय पुन्हा उघडायचं होतं, त्या सकाळी मुलं दारात दाटीवाटीनं उभी होती. तेवढ्यात दिगंबरकाका जुन्या मासिकांचा गठ्ठा घेऊन खाली आले. मागून पायांत घोटाळत पुठ्ठी आली आणि टुणकन कापायच्या टेबलावर चढली.

"तीस वर्षांची मासिकं आहेत," काका म्हणाले. "मध्ये धूळ आहे, ती फुकट. नोंदवून घ्या, नाहीतर उद्या माझ्यावर आणखी एखादा आरोप यायचा."

मुलांनी गठ्ठ्याभोवती गर्दी केली. "आजच द्या ना, सुनीतीताई. आत्ता. एकच."

"देऊन टाक," काका सहज म्हणाले. "खूण काय, कधीही करता येते. माझ्या घरात पिसवा नाहीत. तसं असतं तर पाटी लावली असती."

सुनीतीनं रजिस्टर उघडलं. काय आलं, ते लिहिलं. कुणी आणलं, ते लिहिलं. तारीख घातली. शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

मग तिनं पेनाला टोपण लावलं, गठ्ठा दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला आणि गच्चीच्या जिन्याची पहिली पायरी चढली.